पिशवीला हात लावायचा नाही

मुलुंडला थंडी पडली आहे. म्हणजे सकाळी पंखा एकवर ठेवावा लागतो आणि आमचा वॉचमन कानटोपी घालून बसतो, एवढंच. नाशिक-पुण्याची माणसं आमच्या थंडीला हसतात. हसू देत. जवळजवळ सगळं वर्ष घाम पुसण्यात गेल्यावर उरलेल्या थोड्या दिवसांचं कौतुक करायला आम्ही कुणाची परवानगी घेत नाही. स्टेशनजवळच्या गाड्यांवर मटार आलाय, लाल गाजरं आलीत, हरभऱ्याच्या जुड्या आणि बोरं आलीत. बिल्डिंगमधल्या एका आजोबांनी डांबराच्या गोळ्यांचा वास मारणारा स्वेटर बाहेर काढलाय, आणि ते फिरून आले की लिफ्टमध्ये तो वास बराच वेळ टिकतो.

सातव्या मजल्यावरच्या माझ्या खिडकीतून मागचा डोंगर दिसतो. या दिवसांत तो तपकिरी पडतो. सकाळी कमरेपर्यंत धुरक्यात बुडालेला असतो आणि ऊन चढलं की हळूहळू मोकळा होतो. तिकडून वारा आला तर वाळलेल्या गवताचा वास येतो. तो वास आला की मला मागच्याच्या मागची थंडी आठवते. तेव्हा मी आणि आई पाठीवर सॅक लावून दोन दिवस डोंगरात फिरलो होतो. आम्ही दोघींनी असा केलेला तेवढाच प्रवास. तो मौजेसाठी नव्हता, एका भांडणाचा निकाल लावण्यासाठी होता. पण मौज झालीच नाही असंही म्हणता येणार नाही.

आई घाटकोपरला डोंगरावर राहते. रिक्षा जिथवर जाते तिथवर जायचं, आणि मग पायऱ्या. तिचं लग्न झालं तेव्हा खाली सपाटीवर आमच्यासारख्यांना परवडेल अशी जागा उरली नव्हती, म्हणून ती आणि बाबा वर गेले. मी तिथेच जन्मले, तिथेच शिकले. बाबा जाऊन खूप वर्षं झाली. आई एका शाळेत शिपाई होती, ती निवृत्त झाली. नवे पाहुणे धापा टाकत येतात आणि विचारतात, पायऱ्या किती आहेत हो? आम्ही कधी मोजल्या नाहीत. मोजल्या असत्या तर कदाचित चढलो नसतो.

पायऱ्यांच्या तळाशी एक किराण्याचं दुकान आहे. त्याच्या ओट्यावर नेहमी काही ना काही ठेवलेलं असतं. कुणाचं रेशन, कुणाचा पाण्याचा कॅन, कुणाच्या बाळंतिणीसाठी आणलेला डिंक. रीत अशी की वर जाताना तुमचे हात रिकामे असतील, तर ओट्यावरचं एक काहीतरी उचलायचं आणि ज्याचं असेल त्याच्या दारात ठेवायचं. मध्येच कुणी ओझं टेकवून बसलेलं दिसलं, तर ते ओझं पुढच्या वळणापर्यंत न्यायचं. त्याला विचारायचं नाही, त्याने आभार मानायचे नाहीत. शाळेतून येताना मी कुणाकुणाचे कांदे-बटाटे वाहिलेत, त्यांची तोंडंही मला आठवत नाहीत.

मी मुलुंडला घर घेतलं तेव्हा त्यातली एक खोली आईसाठी ठेवली. मी एकटी राहते आणि मला दोन खोल्या लागत नाहीत. तिच्या खोलीत पलंग लावला, कपाट लावलं, खिडकीला पडदा शिवून घेतला. आई आली, चार दिवस राहिली, पडद्याचं कौतुक केलं आणि परत गेली. तेव्हा तिचा उजवा गुडघा नुकताच कुरकुरायला लागला होता. मग दर रविवारी तेच. मी म्हणायची, चल. ती म्हणायची, येईन की. पुढे पुढे ती नुसती भाकरी थापत राहायची आणि मी एकटीच बोलत राहायची.

एका रविवारी मी जरा जास्तच बोलले. म्हटलं, "तुझे गुडघे गेलेत आई. पावसाळ्यात एक दिवस घसरशील, मग मला फोन येईल."

"तुला कुणी सांगितलं गुडघे गेलेत म्हणून?"

"दिसतंय ना मला."

"तुला काय दिसतंय? तिकडे येऊन मी काय करू? दार लावून बसू? लिफ्टमध्ये लोकांच्या बुटांकडे बघत वर-खाली करू?"

मी चिडून मोबाइल काढला आणि तिला माझ्या ट्रेकचे फोटो दाखवायला लागले. का ते आता सांगता येणार नाही. बहुतेक मला दाखवायचं होतं की डोंगर चढणं काय असतं ते मलाही कळतं. अंधेरीच्या माझ्या ऑफिसमधली माणसं थंडीत शनिवार-रविवारी सह्याद्रीत जातात, मीही जाते. आईने फोटो नीट बघितले. सॅक बघितल्या, घामेजलेले चेहरे बघितले.

"सुट्टीच्या दिवशी डोंगर चढता?" ती म्हणाली. "आमच्याकडे या की मग. बरोबर गॅसचा सिलेंडर पण देते."

मला हसू आलं, तिलाही आलं, आणि त्या हसण्यातच तिने अट घातली. मी म्हणेन त्या डोंगरावर ती येईल. स्वतःचं ओझं स्वतः घेऊन चढेल आणि उतरेल. जमलं तर घराचा विषय कायमचा बंद. नाही जमलं, तर ती मुकाट्याने मुलुंडला येईल. मी हो म्हटलं. मला ती हरायला हवी होती, हे तिलाही माहीत होतं.

मी निवडलेला डोंगर जुन्नरच्या बाजूचा. नाव सांगत नाही, कारण नाव सांगितलं की लोक जातात. फार उंच नाही. मध्यावर एक माची, माचीवर मोजकी घरं, माथ्याखाली कातळात कोरलेली बौद्ध लेणी, आणि पलीकडच्या अंगाने उतरणारी दुसरी वाट. कुणालाही साधारण दमवेल असा डोंगर. फार अवघड निवडला असता तर तिने ओळखलं असतं.

आईने माझी जुनी सॅक घेतली आणि ती लांबच्या गावी निघाल्यासारखी भरली. सोलापुरी चादर, एक पांढरी साडी, बाजरीच्या भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी, स्टीलचा डबा, अमृतांजन. साडीवर शेजारच्या मुलीचे खेळाचे बूट घातले. कमरेचा पट्टा कशाला असतो ते समजावून सांगितल्यावर तिने पदर त्याच्याखाली खोचून टाकला, आणि पट्ट्याबद्दलचं तिचं मत बरं झालं. कल्याणहून पहाटेची एसटी पकडली. माळशेजला खिडकीतून गार वारा आत आला तसा तिने मफलर कानांवरून बांधला आणि झोपून गेली.

आई चढते कशी ते मी लहानपणापासून बघत आले होते, पण मोकळ्या डोंगरावर ते पहिल्यांदा दिसलं. ती बोलत नाही. पाय पूर्ण टेकवते. थांबते तेव्हा बसत नाही, पाठीवरचं ओझं कशाला तरी टेकवून उभी राहते. आणि तिचा डावा हात सारखा बाजूला जातो. घाटकोपरला पायऱ्यांना लागून घरांच्या भिंती आहेत, हात ठेवला की भिंत लागते. इथे हात जायचा आणि गवतातून परत यायचा. कारवीची झुडपं वाळून कडकडीत झाली होती, वाटेवर पिवळं गवत आडवं पडलं होतं, आणि त्या उन्हात, गार वाऱ्यात तिचा तो हात हवेत भिंत शोधत होता. मला ते बघवलं नाही, म्हणून मी पुढे गेले.

म्हणून पुढचा प्रकार मला पाठीमागून ऐकू आला. "ओ मावशी! ओ! बॅग कुठे नेताय?"

वळून बघितलं तर आई स्वतःची सॅक पाठीवर आणि कुणाची तरी निळी बॅग हातात घेऊन चढत होती. मागून चाळिशीचा एक गृहस्थ धावत येत होता. आई थांबली नाही. चढणीवर ती कुणासाठी थांबत नाही. वर जरा सपाटी आली तेव्हा तिने ती बॅग एका दगडाला नीट टेकवून ठेवली आणि मग मागे बघितलं. गृहस्थ पोचला तेव्हा त्याला धड बोलताही येत नव्हतं.

"काय चाललंय काय? कॅमेरा आहे त्याच्यात!"

"मग? नीट ठेवलीय ना," आई म्हणाली. "तेवढंच तुझं ओझं कमी झालं. आता इथून ने."

"अहो, इथून कुठे नेऊ? मी उतरत होतो!"

आईने आधी बॅगेकडे बघितलं, मग खालच्या वाटेकडे. तो पक्ष्यांचे फोटो काढायला वाटेच्या बाजूला गेला होता, बॅग दगडापाशी ठेवून. तिने त्याचं ओझं, तो जिथून आला तिथेच परत नेलं होतं.

"मग तसं सांगायचं ना," ती म्हणाली.

मी मध्ये पडले आणि आमच्या डोंगरावरची रीत त्याला समजावली. तो आधी माझ्याकडे बघत राहिला, मग हसत सुटला. आईने त्याला भाकरी आणि चटणी दिली. तिथेच बसून खाता खाता त्याने घाटकोपरचा पत्ता विचारला, म्हणाला, मला पण ओझी उचलायला बोलवा. तो गेल्यावर आई बराच वेळ अस्वस्थ होती. "टेकवलेलं ओझं दिसलं की माणूस वर चाललेला असतो, असंच मला वाटतं," ती म्हणाली. "उतरताना कोण थांबतं?"

माचीवर एका घराच्या पडवीत आम्ही मुक्काम केला. घरातल्या बाई आईच्याच वयाच्या. संध्याकाळी त्या खालच्या टाक्यावर पाण्याला निघाल्या तशी आईही एक हंडा घेऊन निघाली. अटीत हे नव्हतं. दोघी परत आल्या तेव्हा बाईंच्या मुलाच्या लग्नापासून आईच्या गुडघ्यापर्यंत सगळं बोलून झालेलं होतं. बाईंनी चुलीत एक वीट तापवून फडक्यात गुंडाळून आणली आणि आईच्या गुडघ्याखाली ठेवली. मी हे सगळं थोडं लांबून बघत होते. माझ्याजवळ जे कबूल करायला ती तयार नव्हती, ते तिने एका अनोळखी बाईला पाण्याच्या वाटेवर सांगून टाकलं होतं. मला वाईट वाटलं, आणि त्याच वेळी बरंही वाटलं की कुणाला तरी सांगितलं.

सकाळी लेण्यांपाशी पोचलो तेव्हा खालचं सगळं खोरं धुक्याने भरलं होतं. वर लख्ख ऊन आणि दगड अजून गार. आईने एका खोलीच्या आडोशाला जाऊन पांढरी साडी नेसली, बूट बाहेर काढले, आणि आत जाऊन वंदना म्हणाली. मी बाहेरच उभी राहिले. मला ते सगळं पाठ आहे, पण मी हल्ली म्हणत नाही. तिचा आवाज त्या दगडी खोलीत भरून बाहेर येत होता. घरी ती इतक्या मोठ्याने म्हणत नाही, भिंतीपलीकडे शेजारी झोपलेले असतात.

वंदना झाल्यावर तिने खोली न्याहाळली. एक दार, झोपायला दगडी ओटा, दिव्यासाठी कोनाडा. ती दोन्ही हात पसरून एका भिंतीपासून दुसरीपर्यंत चालली.

"आपल्याएवढीच खोली आहे गं."

"हं."

"भिक्खूंनी पण डोंगरावरच घर केलं. पाणी बाहेर टाक्यात. त्यांना कुणी म्हणालं नाही, खाली या, लिफ्ट आहे."

मी बाटल्या भरून घेतल्या.

उतरण मात्र तिला जड गेली. चढताना माणसाला फक्त दम लागतो, उतरताना गुडघ्यांना सगळा हिशोब द्यावा लागतो. पलीकडच्या वाटेवर एका ठिकाणी कातळात जुन्या पायऱ्या खोदलेल्या होत्या. झिजून गुळगुळीत झालेल्या, एका बाजूला उघडी दरी. मी खाली उतरून वर बघितलं. आई वरच्या पायरीवर उभी होती. डावा हात पुन्हा बाजूला गेला, आणि या वेळी त्या बाजूला गवतही नव्हतं. तिच्या पोटऱ्या थरथरत होत्या. ते मला खालून स्पष्ट दिसत होतं.

"आई, सॅक दे. खाली टाक, मी घेते."

"थांब."

"आई, पडशील. हे खेळ नाहीत."

"थांब म्हटलं ना."

सॅक दिली तर मी जिंकणार होते, आणि शपथेवर सांगते, त्या वेळी माझ्या मनात जिंकणं-हरणं काही नव्हतं. ती फक्त खाली यावी. तिने डोंगराकडे तोंड केलं, दोन्ही हात कातळावर ठेवले, आणि आमच्या घरात माळ्यावरून लोखंडी शिडीने उतरतो तशी पाठमोरी उतरायला लागली. सॅकसकट. पाय खाली येऊन पायरी शोधायचा आणि सापडायची नाही.

"पाय धरू का? अटीत बसतं का ते?" मी विचारलं.

"पाय धर. पिशवीला हात लावायचा नाही."

मग मी तिचा एकेक पाय दोन्ही हातांनी धरून पायरीवर ठेवत गेले. बुटांतून तिच्या घोट्यांचा कंप माझ्या हातात येत होता. तिच्या पायांना मी कधी हात लावला होता, ते मला आठवेना. नमस्कार करायची पद्धत आमच्या घरात फारशी नव्हती. शेवटच्या पायरीवरून ती उतरली, वळली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "झालं. चल." मी तिथेच खाली बसले, आणि मला रडू आलं. ती म्हणाली, "तू काय बसतेस? तू तर उतरत होतीस ना?"

खालच्या गावात एसटीची वाट बघत चहा प्यायलो. बशीत चहा ओतता ओतता ती म्हणाली, "विषय बंद?"

"बंद," मी म्हटलं. मला तिचा अभिमान वाटत होता आणि तिचा रागही येत होता. दोन्ही अगदी खरं होतं.

मी शब्द पाळला. त्या पावसाळ्यात आई खरोखरच घसरली. फार नाही, हाताला मुका मार लागला. शेजारच्या लताकाकूंनी मला फोन करून सांगितलं. मी गेले, हाताला मलम लावलं, आणि घराबद्दल चकार शब्द काढला नाही. मुलुंडची खोली तशीच आहे. तिच्यात हळूहळू माझी इस्त्री आली, मग जुन्या फाइली आल्या, मग कपडे वाळत घालायचा स्टँड आला. पडदा मात्र मी धुऊन परत लावते.

विषय बंद करताना आमच्या दोघींच्याही एक गोष्ट लक्षात आली नव्हती. तो तिच्या बाजूनेही बंद झाला होता. मला बोलायची मनाई होती, पण जिंकलेल्या माणसालाही स्वतःहून तो विषय काढता येत नाही. आईसारख्या बाईला तर नाहीच.

मागच्या रविवारी मी घाटकोपरला गेले. हात रिकामे होते, म्हणून सवयीने ओट्यापाशी थांबले. दुकानदार म्हणाला, "ही तुमच्याच घरची न्या की, ताई." पिशवीत दोन किलो तांदूळ, तूरडाळ आणि साबण होता. मी विचारलं, आईने आज ठेवली का? तो म्हणाला, "आज कुठलं? मावशी दिवाळीच्या आधीपासून ठेवून जातात. कोण ना कोण नेतं वर."

पिशवी जड नव्हती. मी ती घेऊन चढले. वरच्या वळणावर लताकाकू मटार सोलत बसल्या होत्या, त्यांनी पिशवीकडे बघितलं आणि माझ्याकडे बघायचं टाळलं. आई दारात उभी होती. मी पिशवी आत ठेवली. ती कुठून आली ते मी सांगितलं नाही, तिने विचारलं नाही. हरभऱ्याची भाजी केली होती, भाकरी केली होती. आम्ही जेवलो. उन्हाचा पट्टा दारातून आत आला होता, त्यात पाय सोडून ती बसली आणि उजवा गुडघा चोळत राहिली. आधी ती माझ्यासमोर गुडघा चोळत नसे.

"थंडी चांगली पडलीय," ती म्हणाली.

"हो ना. मुलुंडला तर सकाळी डोंगर पण दिसत नाही."

"जातेस का यंदा कुठे?"

"ऑफिसवाल्यांचं चाललंय काहीतरी. ठरलं नाही."

गुडघ्यावरचा हात थांबला नाही.

"आपण दोघी जायचं का परत?" ती म्हणाली. "मागच्यासारखंच. अट पण तीच."

मी तिच्याकडे बघितलं. ती दारातून खाली बघत होती, पायऱ्यांकडे. आईने आयुष्यात कुणाकडे काही मागितलेलं मी पाहिलेलं नाही. ती आत्ता मागत होती, हे मला कळायला जितका वेळ लागला, तितका वेळ ती तशीच बघत राहिली.

"जाऊ की," मी म्हटलं. "डोंगर कसला बघू? सोपा बघू?"

"नको," आई म्हणाली. "चांगला अवघड बघ."